सतरा नंबरचा गुडघा

संपादकांचा फोन आला तेव्हा मला पहिली शंका आली ती त्यांच्याच हेतूची. "सर, खेळातल्या अजब गोष्टी लिहा. लोकांना माहीत नसलेल्या. हलकंफुलकं." आता तालुक्याच्या गावातल्या निवृत्त पीटी मास्तराकडे हलकंफुलकं कोण मागतं? एक तर कुणी मोठा लेखक आयत्या वेळी नाही म्हणाला असणार, नाहीतर पानं उरली असणार. मी तसं विचारलंच. ते हसून म्हणाले, "दोन्ही." खरं बोलणारा माणूस भेटला म्हणून हो म्हटलं. पण त्यांना एक सांगून ठेवलं. अजब गोष्टी लिहीन, मात्र त्यात एका मुलीची राज्य स्पर्धा कशी हुकली तेही येईल, आणि ते काही हलकंफुलकं नाही.

माझं घर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला. शाळेत कवायत, कबड्डी, खो-खो शिकवण्यात नोकरी गेली. पण ज्याचा मला अभिमान आहे ते काम वेगळंच. मी चालण्याच्या शर्यतीचा पंच होतो. जिल्ह्याला, विभागाला, राज्याला. "चालण्याची पण शर्यत असते?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की पुढे पुढे मी उत्तर देणं सोडून दिलं. माझ्या बायकोने तर लग्नानंतर कितीतरी वर्षं तो माझा बहाणाच समजला होता. "अजी, खरं सांगा, जाता कोठी?" असं विचारायची. ती माझ्यासारखीच संशयी, म्हणून संसार टिकला.

आधी गमती सांगून घेतो. शंभर मीटरच्या शर्यतीत हातात घड्याळ घेतलेला माणूस बंदुकीचा आवाज ऐकून बटण दाबत नाही. तो दुरून बंदुकीचा धूर पाहतो. आवाज त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर पोट्टे निघालेले असतात. आवाजावर विसंबलं की धावणाऱ्याची वेळ उगाच चांगली लागते. दुसरी गोष्ट. मोठ्या स्पर्धेत एखादा धावपटू बंदूक वाजल्यानंतर सुटला, अगदी नंतर सुटला, तरी बाद होऊ शकतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत सुटला, तर त्याने आवाज ऐकलाच नाही, अंदाज मारला, असं नियम धरून चालतो. माणसाचा कान आणि पाय इतके चपळ नसतात म्हणे. पाहा, आवाजावर भरवसा नाही आणि धावणाऱ्यावरही नाही. खेळाचं पुस्तक उघडून बघा. प्रत्येक विचित्र नियमाखाली कुणीतरी कुणावर घेतलेला संशय सापडेल. मला हे पुस्तक तरुणपणीच आवडलं ते त्यामुळेच.

चालण्याच्या शर्यतीचे नियम दोनच. एक, एक तरी पाय सतत जमिनीला लागलेला पाहिजे. दोन, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून ते अंग त्याच्यावर उभं येईपर्यंत गुडघ्यात सरळ पाहिजे. गुडघा मोडला की ते चालणं राहत नाही, पळणं होतं. आता यातली अजब गोष्ट ऐका. वेगाने चालणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात. मोठमोठ्या पदकवाल्यांचेसुद्धा. कॅमेरा लावला तर साफ दिसतं. म्हणून पंचाला कॅमेरा बघायला मनाई आहे! माणसाच्या उघड्या डोळ्याला दिसलं तरच गुन्हा. नाही दिसलं तर गुन्हा नाही. सगळ्या खेळांनी यंत्रं आणली, आमचा खेळ अजून माणसाच्या नजरेवर चालतो. माझी नजर तीक्ष्ण होती, हे मी मिजाशीने सांगतो.

पंचाच्या हातात पिवळी पट्टी असते, पिंगपाँगच्या बॅटसारखी. एका बाजूला नागमोडी रेघ, म्हणजे पाय सुटतोय. दुसऱ्या बाजूला मोडलेला कोन, म्हणजे गुडघा वाकतोय. ती दाखवणं म्हणजे ताकीद. चूक खरोखर दिसली तर पंच लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडे पाठवतो. एका खेळाडूला एक पंच एकच लाल कार्ड देऊ शकतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की खेळाडू बाहेर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पंचांनी आपसात बोलायचं नाही. कुणी कुणाला काय दिलं, कुणाचं काय दिसलं, एक अक्षर नाही. तीन कार्डांना किंमत आहे ती तीन माणसांनी वेगवेगळं पाहिलं म्हणून. हा नियम डोक्यात ठेवा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असत. एक पठ्ठ्या पंच दिसला की देवासारखा चालायचा आणि वळणावर पंच नसला की ससा व्हायचा. रस्त्यावरची स्पर्धा होती. मी एका पानठेल्यामागे उभा राहिलो आणि त्याला पकडला. मुख्य पंचांनी मलाच झापलं, "लपून पाहाचं नाही, मास्तर, आपन पोलीस नाही." दुसरा एक जण पायघोळ पँट घालून उभा राहिला. म्हटलं, ही काय भानगड? तर म्हणे, "सर, पायावर खरूज हाये." मी पँट वर करायला लावली. खरूज नव्हती. त्याला गुडघे झाकायचे होते. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला हे रंगवून सांगितलं तर ती म्हणाली, "एक दिवस तुमी मलेबी लाल कार्ड देसान." मी मनात म्हटलं, चूक दिसली तर देईनच.

अशा माणसाला कोंढ्याची प्रणिता दिसली.

ती आमच्याच तालुक्यातली. कोंढ्याच्या एका धान पिकवणाऱ्या घरातली पोरगी, बारावीत. जिल्हा स्पर्धेत तीन किलोमीटर चालण्यात पहिली आली, आणि दुसऱ्या मुलीला खूपच मागे टाकून आली, हे मी ऐकलं. तिथे मी पंच नव्हतो. साहजिकच मला वाटलं, एवढं अंतर? नक्की पळाली असणार. जिल्ह्याला पाहतंय कोण!

आणि मला आठवलं, मी तिला आधी पाहिलं होतं. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, कोंढ्याच्या रस्त्यावर. मी स्कूटरवर होतो. ती रस्त्याच्या कडेने झपझप चालली होती आणि तिचे दोन्ही गुडघे साफ वाकत होते. तेव्हा मी मनात टिपून ठेवलं होतं: ही मुलगी गुडघा मोडते.

आता मी हे लिहितो तेव्हा स्वतःचीच लाज वाटते. मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत बाया कशा चालतात हे मला कुणी शिकवायची गरज होती का? दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे, संध्याकाळी दोन बांध्यांमधल्या निसरड्या धुऱ्यावरून यायचं. धुऱ्यावर गुडघा ताठ ठेवला की माणूस सरळ पाण्यात जातो. म्हणून पाय आधी बोटांवर टेकवायचा आणि गुडघा सैल सोडायचा. डांबरी रस्त्यावर आलं तरी ती चाल लगेच जात नाही. माझी आई अशीच चालायची. ती पोरगी त्या दिवशी सराव करत नव्हती, कामावरून घरी निघाली होती. तिच्या पायांत बूटसुद्धा नव्हते. मला ते दिसलं होतं, पण संशयी माणूस त्याला हवं तेवढंच टिपून ठेवतो.

विभागीय स्पर्धेला मी पंच होतो. आम्ही सहा जण, एक मुख्य पंच आणि पाच आम्ही. सकाळी शर्यतीआधी मैदानाच्या कडेला चहा-पोहे चालले होते. आम्ही पाचांतले चौघे एका बाकावर. पाचव्या म्हणजे वर्ध्याकडच्या एक बाई, त्यांची बस उशिरा आली, त्या शर्यतीच्या जरा आधी पोचल्या. कुणीतरी मला विचारलं, "काहो, तुमच्या भंडाऱ्याची पोरगी लई जोरात हाये म्हणतेत?"

माझी जीभ वळवळली. "जोरात हाये ना! सतरा नंबर. तिचा गुडघा पाहून घेजा. मी रोडावर पाहिली हाये तिले. मोडते गुडघा."

"पक्कं?"

"अबे, माह्या डोयानं पाहिलं!"

बस, एवढंच. पोह्यांवर झणझणीत तर्री वाढून घेतली आणि विषय संपला. कुणाला वाटलं नाही की आपण काही नियम मोडला. मलासुद्धा नाही. उलट मी आणखी पुढे गेलो. एका लाल कार्डावर तिचा नंबर, सतरा, आधीच लिहून ठेवला. नागमोडी रेघ की कोन, तेवढी खूण करायची, वेळ टाकायची आणि पाठवायचं. असं करणारा पंच मला माझ्या हाताखाली सापडला असता तर मी त्याला मैदानाबाहेर काढला असता.

त्या मुलीला त्या दिवशी काय हवं होतं ते मला माहीत होतं. तिची ती एकोणीस वर्षांखालची शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. राज्याला पदक मिळालं तर त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेतून अर्ज करता येतो. ती सकाळी माझ्या पाया पडायला आली होती, गावाकडचे सर म्हणून. म्हणाली, "सर, राज्याले जाचं हाये मले. तिथून भरतीले." मी तिच्या गुडघ्यांकडे पाहत "बरं" म्हटलं.

शर्यत सुरू झाली. साडेसात फेऱ्या. मी ट्रॅकच्या सरळ भागात मधोमध, बाहेरच्या बाजूला उभा. पहिल्या फेरीपासून मी दुसऱ्या कुणाकडे बघितलंच नाही. पहिली फेरी, सरळ. दुसरी, सरळ. मला वाटलं, मला पाहून चालतेय. तिसऱ्या फेरीला मी मान वळवून दुसरीकडे पाहिल्याचं नाटक केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पाय टेकला, गुडघा ताठ, अंग वर आलं, पाय मागे गेला. शाळेत फळ्यावर काढून दाखवावं तशी चाल. चौथ्या फेरीत ती दमली होती. दम लागला की खोटं चालणाऱ्याचं पितळ उघडं पडतं. मी डोळे फाडून पाहिलं. काही नाही! मला राग आला. तिचा नाही, माझा. मग हळूहळू राग गेला आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. आमच्या तालुक्याची पोरगी, इतकी सुंदर चालते!

तेवढ्यात फलकाकडे नजर गेली. कुणाला किती लाल कार्डं झाली ते तिथे लावतात. सतरा नंबरपुढे एक कोन होता.

पाचव्या फेरीत दुसरा लागला. मी पलीकडच्या वळणावर उभ्या असलेल्या पंचाकडे पाहिलं, ओरडावंसं वाटलं, की बाबा रे, नीट पाहा, मी चुकलो होतो. पण शर्यत चालू असताना पंचाने पंचाशी बोलायचं नाही. वा रे मास्तर! बोलायचं नव्हतं तेव्हा बोललास आणि आता नियम आठवला.

शेवटच्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती. तिसरा कोन लागला. मुख्य पंचांनी लाल पट्टी तिच्यासमोर धरली. ती आणखी चार पावलं चालली, मग थांबली. नियमाप्रमाणे ट्रॅकच्या बाहेर आली, छातीवरच्या पिना काढल्या आणि नंबर काढून हातात घेतला. रडली नाही. सरळ माझ्याकडे आली.

"सर, तुमी त पुऱ्या टाइम माह्याकडेच पाहून राहिले होते. वाकला का जी माह्या गुडघा?"

आता सांगायचं होतं. त्या क्षणी, तिथे. मी काय म्हणालो? "पंचांच्या निर्णयावर अपील नसते, बेटा." वाक्य खरं होतं. त्यासारखं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

तिच्या शाळेचे मास्तर हरकत घ्यायला गेले, त्यांना तेच उत्तर मिळालं. मी नोंदीचा तक्ता पाहायला गेलो. तिन्ही कार्डं बाकावरच्या तिघांची. एकानेही आधी पिवळी पट्टी दाखवली नव्हती, सरळ लाल. दोघांनी कार्ड दिलं नव्हतं. एक मी, कारण मी सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं होतं. आणि दुसऱ्या वर्ध्याकडच्या बाई, ज्या चहाला नव्हत्या. मी त्यांना हळूच विचारलं, "सतरा नंबर कशी वाटली?" त्या म्हणाल्या, "उत्तम! मला तर समजलंच नाही काय दिसलं यांना." मला समजलं होतं. तिघांना माझं बोलणं दिसलं होतं. ते लबाड नव्हते. त्या तिघांतले मेश्राम सर तर इतके सरळ की मुंगीला वाट देतील. पण ज्याच्या कानात वाकलेला गुडघा घातलाय, त्याला वाकलेलाच दिसतो.

मी मुख्य पंचांकडे जाऊन एवढंच बोलायचं होतं, की शर्यतीआधी आम्ही बोललो, मी बोललो, ही तीन कार्डं एकाच माणसाची आहेत. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं. पण पुढच्या महिन्यात माझी राष्ट्रीय पंचाची परीक्षा होती. नाव गेलेलं होतं. मी मिठाची गुळणी धरून बसलो. खिशातलं कार्ड फाडून टाकलं. दुसऱ्या नंबरची मुलगी राज्याला गेली. मी परीक्षा पास झालो, कोटावर बिल्ला लावला, आमच्याकडे सत्कारही झाला. सत्काराच्या भाषणात कुणीतरी म्हणालं की सरांच्या नजरेतून काही सुटत नाही. बायकोने टाळ्या वाजवल्या. मी शालीत तोंड घातलं.

त्यानंतर मी फार दिवस पंच म्हणून उभा राहू शकलो नाही. कुणाचाही गुडघा वाकलेला दिसला की वाटायचं, हा खरंच वाकलाय, की मला कुणी काही सांगितलंय? लोकांवर संशय घेण्यात हयात गेली. स्वतःच्या डोळ्यांवर घ्यायची पाळी आली तेव्हा पट्टी खाली ठेवली.

यंदा नोकरीतून निवृत्त झालो. पावसाळा संपता संपता एका सकाळी कोंढ्याला एका ओळखीच्याकडे चाललो होतो. गावाच्या तलावाच्या पाळीवर एक लहान पोरगी वेगात चालत होती आणि तिच्या बाजूने वाकून, तिच्या गुडघ्यांकडे बघत एक तरुणी चालत होती. प्रणिता. मी स्कूटर थांबवली. जवळ गेलो तेव्हा दिसलं, तिच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्यामागे बांबूची कमची फडक्याने बांधली होती.

"का जी सर, तुमी इकडं?"

"हे काय बांधलं?"

"गुडघा वाकते ना जी माह्या. बांधून चालते, सवय लागाले." तिने सहज सांगितलं. "एक-दोघानं म्हटलं असतं त मी मानली नसती. तीन-तीन पंचायनं पाहिलं म्हटल्यावर वाकतच असन."

मी पाळीवरच्या दगडावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. स्कूटरवरून पाहिलेली रोवणीची संध्याकाळ, पोहे, बाक, आधीच लिहिलेला नंबर, तिचा सरळ गुडघा, माझी परीक्षा. काही लपवलं नाही. ती लहान पोरगी दूर जाऊन खडे मारत बसली.

प्रणिता म्हणाली, "म्हंजे वाकत नव्हता?"

"नाही."

"एकबी फेरीत?"

"एकाही नाही."

तिने खाली बसून फडकं सोडलं. कमचीचा वळ उठला होता, त्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हींसाठी मी तयार होतो.

"चूक झाली, बेटा. माफी मागतो."

"माफी मले मागून काय फायदा, सर?" ती उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "मले त तुमी आता सांगतलं. गावाले कोन सांगन? पाच पोरी येत होत्या माह्याकडं शिकाले. बाप लोक म्हणे, चालता चालता पयनारी, लबाड पोरगी, तिच्या हाताखाली कायले पाठवाचं. चार गेल्या. हे एकच उरली, तेबी माह्या मावशीची हाये म्हणून." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेत माझ्यावर जो अविश्वास होता, तोच आजवर दुसऱ्यांकडे पाहताना माझ्या डोळ्यांत असायचा. "तुमी आता मले सांगान आन उद्या नाही म्हनान. लिहून द्या. आन मले नका देऊ, छापून द्या. नाव टाकून. माहं नाही त चालन, तुमचं टाका."

लेखावर माझं नाव आहे. संपादकांना ते काढायचं असेल तर लेखही परत पाठवावा, असं कळवलं आहे.

विभागीय स्पर्धेत, तीन किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत, सतरा नंबरचा गुडघा एकाही फेरीत वाकला नाही. मी सबंध शर्यत पाहिली. ती मुलगी कोंढ्याची प्रणिता, आणि ती चालत होती.